पाण्याखालच्या बागेचा उजेड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात काचेची मत्स्यपेटी येते तेव्हा आपण मासे निवडून घेतो. हा केशरी, तो काळा, ते दोन पट्ट्यापट्ट्यांचे. वाळू निवडतो, मागे लावायचे चित्र निवडतो, तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्यासुद्धा पारखून घेतो. दिवा मात्र कुणी निवडत नाही. झाकणात जो असेल तो. पेटीत नुसते मासे असतील तर त्याने काही बिघडतही नाही. माशांना आपल्या दिव्याची फारशी गरज नसते. मासे आपल्याला दिसावेत म्हणून तो दिवा असतो. पण पेटीत जिवंत वनस्पती लावल्या की हिशेब बदलतो. आता तो दिवा शोभेचा राहत नाही. त्या वनस्पतींचा सगळा स्वयंपाक त्याच्यावर चालायचा असतो.

आणि इथेच बहुतेकांचे गाडे अडते. दुकानात हिरवीगार दिसलेली जुडी घरी आणून वाळूत खोचली जाते. पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी पडतात, मग काचेसारखी पारदर्शक होतात, मग गळून तळाशी कुजू लागतात. कुजण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना बाधतो. एका सकाळी घरातले लहान मूल उठून पेटीपाशी जाते, तर मासा पोट वर करून तरंगत असतो. मोठी माणसे म्हणतात, 'आपल्या घराला मासे लाभत नाहीत.' पेटी माळ्यावर जाते. अशा माळ्यावरच्या पेट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न त्यांतल्या थोड्यांतच होता. बऱ्याच ठिकाणी प्रश्न उजेडाचा होता. काही ठिकाणी तो कमी होता, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण जास्त ठिकाणी तो जास्त होता.

वनस्पती उजेडावर जगतात हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण माणसाला ते कळले पाण्यात बुडवलेल्या पानांकडे बघून. यान इंगेनहाऊझ नावाचे एक डच डॉक्टर होते. १७७९ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवून भांडे उन्हात ठेवले की पानांवर बारीक बुडबुडे धरत. भांडे अंधारात नेले की बुडबुडे थांबत. हे उन्हाच्या उबेने होत असेल काय, ही शंकाही त्यांनी तपासून पाहिली आणि निकालात काढली. ऊब नव्हे, उजेड. ते बुडबुडे प्राणवायूचे होते.

आपल्यापैकी अनेकांनी हाच प्रयोग शाळेत केला आहे. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उपडे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. नळीत वायू जमला की गुरुजी विझत आलेली काडी आत धरायचे आणि ती भप्पकन पेटायची. मार्क मिळाले, प्रयोगवही कपाटात गेली. पण मत्स्यपेटीचा दिवा निवडायचा असेल तर तीच वही पुन्हा उघडावी लागते. घरी करता येईल असा त्याचा सोपा प्रकार सांगतो.

काचेच्या ग्लासात पाणी घ्या. हायड्रिलाची बोटभर फांदी कापा आणि कापलेले टोक वर राहील अशी पाण्यात बुडवा. समोर टेबल लॅम्प हातभर अंतरावर ठेवा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून एकेक बुडबुडा सुटू लागेल. मिनिटाला किती सुटतात ते मोजा. आता दिवा वीतभर अंतरावर आणा. बुडबुडे वाढतील. आणखी जवळ आणा, आणखी एक दिवा लावा. एका टप्प्यानंतर तुमच्या लक्षात येईल की उजेड वाढतो आहे, बुडबुडे वाढत नाहीत. फांदी थकली काय? नाही. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. बुडबुडे पुन्हा वाढतील. कारण सोड्यातून तिला कर्ब मिळाला. आतापर्यंत उजेड मुबलक होता, कर्ब संपला होता. हा प्रयोग ग्लासातच करा, माशांच्या पेटीत सोडा टाकू नका.

ब्लॅकमन नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०५ साली या गोष्टीचा नियम करून ठेवला. अनेक गोष्टींवर अवलंबून असलेले काम, त्यांतली जी गोष्ट सर्वांत कमी पडते तिच्या वेगाने चालते. आपल्या घरातल्या बायका हे ब्लॅकमनच्या आधीपासून जाणतात. चुलीचा जाळ मोठा केला म्हणून परातीत पीठ नसताना भाकऱ्या वाढत नाहीत, तव्यावरची तेवढी करपते.

पाण्याखाली पिठाचीच टंचाई असते. जमिनीवरच्या पानाला वाऱ्याबरोबर कर्बवायू सतत मिळत राहतो. पाण्यात तोच वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. म्हणजे पानाच्या अगदी जवळचा कर्बवायू वापरून झाला की पुढचा येईपर्यंत ते ताटकळत बसते. वरून तुम्ही कितीही लखलखाट करा. आणि तो न वापरलेला उजेड वाया जात नाही, हेच खरे दुखणे आहे. तो शेवाळाला मिळतो. शेवाळाच्या गरजा थोड्या, वाढ झपाट्याची. मोठ्या पानांना न झेपलेला उजेड ते उचलते आणि काच, वाळू, दगड, पाने सगळे व्यापून टाकते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एसटीतून निवृत्त झाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसणे आले, तेव्हा मुलाने त्यांना दोन फुटांची पेटी आणून दिली. तिच्यावर दहा वॅटचा एलईडी दिवा होता. महिन्याभरात वनस्पती मलूल दिसू लागल्या. उजेड कमी पडतो म्हणून त्यांनी अंगणात लावायचा तीस वॅटचा फ्लड लाइट पेटीवर टांगला. सकाळच्या पूजेपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत तो चालू. पंधरा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखे हिरवे झाले. मासे दिसेनात. ते रोज पाणी बदलत आणि दिवा तसाच ठेवत. खरे तर त्यांच्या वनस्पती उजेडाअभावी मलूल झाल्याच नव्हत्या. दुकानात मिळणाऱ्या अनेक पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. त्यांना पाण्यात बुडवले की जुनी पाने टाकून त्या पाण्याला साजेशी नवी पाने काढतात. या मधल्या तीन-चार आठवड्यांत त्या भिकारड्या दिसतात. तेवढे थांबायचे असते. शेवटी जुना दहा वॅटचा दिवा परत लागला, तासांची संख्या तेरावरून सातवर आली, झपाट्याने वाढणाऱ्या हायड्रिलाची मोठी जुडी आत गेली. पाणी निवळायला दीड महिना लागला. आता ते गृहस्थ मला फोन करून नवीन पान कधी उलगडले ते सांगतात. त्यांच्या मुलाने मला खासगीत सांगितले की, मधल्या काळात ते जेवणावरून उठून जायचे, बोलायचे नाहीत. पेटीतल्या हिरव्या पाण्याने माणूस इतका खचू शकतो हे ज्याने पेटी ठेवलेली नाही त्याला पटणार नाही.

तर मग दिवा किती मोठा घ्यावा? हाच दोन फुटांचा नमुना घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कागदावर तिच्यात सुमारे ५७ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर उरते. पूर्वी ट्यूबलाइटच्या काळात लिटरमागे अर्धा वॅट असा ठोकताळा होता. एलईडी आल्यावर तो मोडीत निघाला, कारण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते वॅटवरून कळत नाही. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि चांगल्या दिव्याच्या खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. कमी उजेडावर भागवणाऱ्या वनस्पती असतील तर लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन पुरतात. आपल्या पेटीसाठी हा आकडा सातशे ते अकराशे ल्युमेनच्या दरम्यान येतो. विजेच्या दुकानात मिळणारी दोन फुटांची, दहा वॅटची साधी एलईडी पट्टी साधारण हजार ल्युमेन देते. म्हणजे काम झाले. लिटरमागे चाळीसच्या पुढे गेलात तर समजा की आता नळकांड्यातून कर्बवायू सोडणे, खते मोजून घालणे, आठवड्याला कात्री चालवणे हे सगळे आले. ज्याला त्यात आनंद आहे त्याने जरूर जावे.

या ल्युमेनमध्येही एक मेख आहे. ते माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त दाद देतो, म्हणून ल्युमेनही त्यालाच जास्त गुण देते. पानाची आवड वेगळी. ते ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला उजेड वापरते आणि त्या पट्ट्यातले प्रकाशकण मोजण्याच्या पद्धतीला 'पार' म्हणतात. परदेशी बनावटीच्या महागड्या दिव्यांवर हा आकडा असतो. तळाशी वीस-तीस पार पोहोचला तर साध्या वनस्पती सुखाने जगतात. पन्नासच्या पुढे शौकिनांचा प्रांत. हे मोजण्याचे यंत्र घरगुती पेटीसाठी विकत घेण्यात काही अर्थ नाही. पांढरा दिवा घेत असाल तर ल्युमेनवर भागते.

दिव्याची उंची मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. पाण्यापासून चार बोटांवर टेकवलेला दिवा आणि फूटभर वर टांगलेला तोच दिवा यांत फार फरक पडतो. उजेड जास्त वाटला तर दिवा बदलू नका, वर उचला. झाकणाच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो उजेड अडवतो, आठवड्याला पुसा. पेटीत लाकडाचा ओंडका असेल तर पाणी फिक्या चहासारखे होते आणि उजेड आणखी घटतो. पाण्यावर तरंगणारी पाने पसरली की खाली सावली पडते. कधी कधी ती मुद्दाम हवी असते. आपल्या भाषेत उजेडासाठी लख्ख, मिणमिणता, तिरीप, कवडसा असे कितीतरी शब्द आहेत. अनेक पाणवनस्पतींच्या मूळ जागी, झाडीतल्या ओढ्यात, उजेड तिरिपेनेच येतो. जावा फर्न आणि आफ्रिकेतली अनुबियास या अशाच सावलीतल्या. अनुबियासचे पान इतके सावकाश वाढते की भगभगीत उजेडात त्याच्यावर हिरवे ठिपके आधी धरतात आणि नवे पान नंतर येते. क्रिप्टोकोरायनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्याच आहेत. त्या तिथून उपटून मात्र आणू नका; दुकानात रोपवाटिकेची रोपे मिळतात.

मध्यम उजेडावर वाढणारी आपल्या ओळखीची एक वनस्पती म्हणजे नीरब्राह्मी. तीच औषधी ब्राह्मी म्हणून विकली जाते, आणि जगभरच्या मत्स्यपेट्यांमध्ये बाकोपा या नावाने मिरवते. तिच्याकडे बघून उजेडाचा अंदाज घेता येतो. उजेड कमी असला की दोन पानांमधले पेर लांबत जाते, खोड सडपातळ होते, खालची पाने गळतात आणि शेंडा तेवढा वर धावतो. उसाची पेरे पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पेरे आखूड आणि पाने दाट असतील तर उजेड पुरेसा आहे. नवे पान शिरा हिरव्या राहून मधे पिवळे पडत असेल तर तो उजेडाचा प्रश्न नव्हे, बहुधा लोह कमी आहे.

लाल पानांचा मोह सगळ्यांनाच होतो. रोटाला मॅक्रँड्रा ही लाल-गुलाबी वनस्पती दक्षिण भारतातली, पण आपल्या घरात ती रुसून बसते. तिला भरपूर उजेड आणि भरपूर कर्बवायू दोन्ही लागतात. नवख्याने तिच्या नादी लागू नये.

आता रंगाकडे वळू, कारण बाजारात सर्वांत जास्त फसगत रंगावरून होते. दुकानदार जांभळा दिवा दाखवतो आणि म्हणतो, 'हा खास झाडांचा.' या दाव्यात थोडे तथ्य आहे. पानातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जास्त शोषते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमन यांनी १८८२ च्या सुमारास हे फार सुंदर रीतीने दाखवले. शेवाळाच्या एका तंतूवर त्यांनी लोलकातून काढलेले इंद्रधनुष्य पाडले. त्याच पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर जिवाणूंची गर्दी तांबड्या पट्ट्यावर आणि निळ्या-जांभळ्या पट्ट्यावर. जिथे अन्न बनते तिथे प्राणवायू, जिथे प्राणवायू तिथे गर्दी. पण याचा अर्थ पान हिरवा प्रकाश अजिबात वापरत नाही असा नाही. तोही बऱ्यापैकी वापरला जातो. पांढऱ्या दिव्यात सगळेच रंग असतात, त्यामुळे वनस्पतीचे काही अडत नाही. उलट निव्वळ जांभळ्या दिव्याखाली पाने काळपट दिसतात आणि घर डान्स बारसारखे. पेटी शेवटी आपण बघायची असते.

पांढऱ्या दिव्यांतही छटा असतात. खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्विनचे आकडे असतात. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. जितके अधिक तापेल तितका उजेड पांढरा-निळसर. हे आकडे तसेच आहेत. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बची छटा, ६५०० म्हणजे दुपारच्या दिवसाउजेडाची. आपल्याकडे 'कूल डेलाइट' म्हणून विकले जातात ते बहुतेक ६५०० चे. पाणवनस्पतींना ते छान मानवते. ४००० असला तरी त्या तक्रार करत नाहीत. दहा हजार, वीस हजार केल्विनचे निळे दिवे समुद्रातल्या प्रवाळांच्या पेट्यांसाठी असतात, ते गोड्या पाण्याच्या पेटीवर लावू नका. कुणी सांगते की पाणी लाल प्रकाश पिऊन टाकते, म्हणून लाल दिवा वेगळा हवा. खोल समुद्रात ते खरे. फूटभर पाण्यात लाल प्रकाश फारसा घटत नाही.

आणखी एक आकडा पाहावा, सीआरआय. वस्तूचा रंग दिव्याखाली किती खरा दिसतो याचे ते शंभरपैकी गुण. स्वस्त एलईडीत तांबडा प्रकाश कमी पडतो आणि लाल पाने विटकी दिसतात. ऐंशीच्या वर चांगले, नव्वदच्या वर उत्तम. याचा वनस्पतीच्या तब्येतीशी संबंध थोडा, आपल्या डोळ्याच्या सुखाशी जास्त.

एलईडीमुळे हे सगळे आपल्या खिशाला परवडू लागले. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, त्याच्यावर पिवळसर द्रव्याचा लेप. निळ्याचे घोडे अनेक वर्षे अडले होते. ते पुढे नेल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गंमत अशी की पाण्याखालच्या बागांना जगभर लोकप्रिय करणारेही अमानोच, तेही जपानचेच. ताकाशी अमानो हे छायाचित्रकार आणि त्याआधी व्यावसायिक सायकलपटू. १९८२ साली त्यांनी आपली कंपनी काढली. २०१५ मध्ये, निधनाच्या वर्षीच, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीची पेटी सजवली. त्यांच्या पेट्यांची छायाचित्रे पाहून लोक वेडे होतात आणि त्यांच्यासारखा झगझगीत दिवा आणतात. त्या दिव्याबरोबर कर्बवायूचे नळकांडे, खते आणि रोजची निगा असते, ती छायाचित्रात दिसत नाही.

विजेच्या बिलाचेही सांगतो. वीस वॅटच्या दोन ट्यूब, त्यांचे जुने चोक धरून पन्नास वॅट, रोज आठ तास, म्हणजे महिन्याला बारा युनिट. दहा वॅटची एलईडी तेवढ्याच वेळात अडीच युनिटच्या आत राहते.

फूटभराच्या छोट्या पेटीसाठी किंवा काचेच्या बरणीसाठी वेगळा दिवा घ्यायचीही गरज नाही. वाकणाऱ्या मानेचा टेबल लॅम्प आणि त्यात सात-नऊ वॅटचा ६५०० केल्विनचा बल्ब, पाण्यापासून वीत-दीड वीत वर. उजेड कमी-जास्त करायला मान वाकवायची. फक्त लॅम्पचा पाय पक्का हवा, धक्क्याने तो पाण्यात कोसळता कामा नये.

आणि ही गोष्ट जरा थांबून सांगायची आहे. पाणी आणि वीज यांना आपण इथे एकमेकांच्या मांडीवर बसवतो आहोत. घरातली मुले पेटीत हात घालतात. झाकणाखाली सतत वाफ धरते. भिंतीसाठी बनवलेली साधी पट्टी झाकणाच्या आत बसवली तर काही महिन्यांत तिला गंज चढतो आणि एक दिवस तिच्या पत्र्यात वीज उतरते. अशी पट्टी लावायचीच तर झाकणाच्या काचेच्या वर, कोरड्यात. आत बसवायचा दिवा आयपी ६५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, म्हणजे पाणी आत न शिरणारा असावा. त्यातही बारा व्होल्टवर चालणारा आणि ज्याचा अडॅप्टर पेटीपासून दूर ठेवता येतो असा असेल तर उत्तम. वायर सॉकेटकडे सरळ नेऊ नका. तिला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, ते वायरमनला विचारा. नसेल तर बसवून घ्या. पेटीत हात घालण्याआधी दिवा, पंप, हिटर, सगळी बटणे बंद. मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवायचे.

पेटी कुठे ठेवावी? दिशा वास्तुवाले सांगतील, मी फक्त खिडकी कुठे आहे ते विचारतो. थेट ऊन पडेल अशी जागा टाळा. पूर्वी दिवे नव्हते तेव्हा खिडकीशिवाय इलाज नव्हता. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगाई यांच्या समतोल पेटीची हकीकत छापली, तेव्हा उजेड दिवसाचाच होता. इंग्लंडचे ऊन आणि आपले ऊन यांत मात्र अंतर आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खिडकीतल्या पेटीचे पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. जुन्या हॅलोजनसारख्या तापणाऱ्या दिव्यांचा तोटाही हाच.

दिवा किती तास लावावा? मुंबईत डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो, म्हणून पेटीलाही तेवढाच हवा असे काही नाही. नव्या पेटीला पहिले दोन महिने सहा-सात तास. वनस्पतींनी मूळ धरले की आठ. दहाच्या पुढे जायचे कारण नाही. कमी ताकदीचा दिवा जास्त तास लावून उणीव भरून निघत नाही, शेवाळाची मात्र सोय होते. हे तास रोज तेच असावेत. यासाठी सॉकेटमध्ये बसणारा टायमर घ्या. पेटीसाठी घेतलेल्या वस्तूंत ही सर्वांत कामाची. तुम्ही दिवसभर बाहेर असाल तर दुपारी तीन ते रात्री दहा ठेवा, म्हणजे घरी आल्यावर पेटी बघायला मिळेल. रात्री दिवा विझलाच पाहिजे. आपल्या पेटीतल्या माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून अंधार करणे त्यांच्या हाती नाही, तो आपण करून द्यायचा असतो. गडद अंधारात एकदम दिवा लागला की ते बिथरून काचेवर आपटतात. म्हणून आधी खोलीतला दिवा लावावा, पाच-दहा मिनिटांनी पेटीतला.

वीज गेली तर घाबरू नका. दोन-तीन दिवस उजेड मिळाला नाही तरी वनस्पती मरत नाहीत. शेवाळ फार माजले तर पेटी तीन दिवस कापडाने झाकून ठेवण्याचा उपाय जाणते लोक मुद्दाम करतात. पंप बंद पडणे त्यापेक्षा गंभीर, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात.

गणपतीला आठ दिवस गावी जाणार असाल तर निघण्याआधी पाणी बदला, कुजकी पाने काढा आणि टायमर सहा तासांवर आणा. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर माशांच्या खाण्याच्या चिमूट-चिमूट पुड्या बांधून ठेवा आणि बाकीचा डबा कपाटात टाका. दिवा आपोआप लागतो आणि विझतो, बटणाला हात लावू नये, अशी चिठ्ठी लिहून टायमरशेजारी भिंतीवर चिकटवा. शेजारी प्रेमळ असतात. संध्याकाळी अंधार दिसला की दिवा लावूनच जातात.